फळ्याआधी कार्यशाळा

पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग पेशाने शिक्षक नव्हते; हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला अनुभव गाठीशी बांधून ते गावात आले. इथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती पुस्तकातून कमी आणि प्रत्यक्ष कामातून जास्त शिकतात. गिऱ्हाईक समोर असलं की वाकडं फाटक खपत नाही!

कामातून शिकण्याचा हाच विचार सरकारी धोरणातही दिसतो: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे शिकावं, असं सुचवलं आहे.

पेशाने शिक्षक नसलेल्यांना उच्च शिक्षणातही वाट आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ पदासाठी आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएच.डी. नसली तरी चालते.