बोरोबुदूरचा झाकलेला पाया

जावा बेटाच्या मध्यभागी, योग्यकार्ता शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर बोरोबुदूर आहे. आठव्या-नवव्या शतकात, शैलेंद्र राजवंशाच्या काळात हा प्रचंड स्तूप उभा राहिला. त्यावर अडीच हजारांहून अधिक शिल्पपट आणि ५०४ बुद्धमूर्ती आहेत. प्रदक्षिणा घालत मजल्यामागून मजला चढायचा आणि भिंतींवरच्या कथा वाचत जायचं, अशी ही रचना आहे. मात्र या कथांची सुरुवात ज्या पायापासून होते, तिथले १६० पट दगडांच्या रुंद ओट्याआड गाडलेले आहेत. आग्नेय कोपऱ्यातले मोजके पट सोडले तर ते कुणालाही प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. ते सलग पाहायचे तर १८९० आणि १८९१ या दोन वर्षांत काढलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंखेरीज दुसरं साधन नाही.

हा पाया झाकला कशासाठी, यावर अभ्यासकांमध्ये बराच वाद झाला. नरकयातना आणि देहभोगांची दृश्यं भाविकांपुढे नकोत म्हणून तो झाकला, असं काहींना वाटतं. मला हे पटत नाही. बोरोबुदूर एका टेकडीवर रचलेलं आहे, आत मातीचा भराव आणि वर दगडांचं अफाट वजन. बांधकाम चालू असतानाच तळ बाहेरच्या बाजूला सरकू लागला असावा आणि तो सावरण्यासाठी बारा-तेरा हजार घनमीटर दगड भोवती रचावा लागला, हेच कारण खरं वाटतं. झाकलेल्या पटांपैकी काही अर्धवट कोरलेले आहेत. मजकूर नकोसा झाला असता तर तो आधीच टाळता आला असता. इथे काम रंगात असताना कारागिरांना छिन्नी खाली ठेवावी लागलेली दिसते.

पुढे जवळजवळ हजार वर्षं या पायाची कुणाला खबर नव्हती. १८८५ मध्ये यान विलेम आयझरमान या डच रेल्वे अभियंत्याला ओट्यामागे आणखी एक कोरीव भिंत असल्याचं आढळलं. योग्यकार्त्याच्या पुरातत्त्व मंडळाचा तो अध्यक्ष होता. ओटा कायमचा काढला तर सगळी इमारत धोक्यात येणार होती. म्हणून असं ठरलं की थोडा थोडा भाग उघडायचा, मागचे पट टिपायचे, दगड पुन्हा जागच्या जागी बसवायचे आणि मग पुढे सरकायचं. पट टिपण्याचं काम सोपवलं गेलं कासियान सेफास यांच्याकडे.

बोरोबुदूरला कॅमेरा नवा नव्हता. आडोल्फ शेफर या जर्मन छायाचित्रकाराने १८४५ मध्येच चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर, म्हणजे दागेरोटाइप पद्धतीने, इथली चित्रं घेतली होती. १८७३ मध्ये इसिडोर व्हान किन्सबर्गन येऊन गेला. १८९६ मध्ये सयामचे राजे चुलालाँगकॉर्न यांच्या भेटीनंतर इथल्या मूर्ती आणि शिल्पं आठ गाड्या भरून बँकॉकला गेली. त्याआधीचा प्रत्येक फोटो आज पुरावा म्हणून मोलाचा आहे तो यामुळेच.

शेफर कॅमेरा घेऊन आला त्याच वर्षी, १८४५ मध्ये, योग्यकार्त्यात सेफास यांचा जन्म झाला. ते जावानीज. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि पुढे सुलतानाच्या दरबारात चित्रकार आणि छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. व्यवसाय म्हणून फोटोग्राफी करणारे पहिले जावानीज म्हणून त्यांची नोंद होते. दरबारातले नाच, मिरवणुका आणि प्राम्बाननची मंदिरं त्यांनी टिपली. मुलगा सेम हाही याच कामात त्यांच्या जोडीला होता. डच सत्तेच्या त्या काळात जावामधल्या प्राचीन वास्तूंचा अभ्यास युरोपीय मंडळी करत आणि स्थानिक माणसं दगड उचलत. या पायाचा लेखाजोखा मात्र त्याच मातीतल्या माणसाच्या डोळ्यांनी झाला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कोरीव दगडाचा फोटो म्हणजे सावलीचा फोटो. ऊन समोरून पडलं तर आकृत्या सपाट होतात. तिरपं पडलं तरच नाक, बोटं, वस्त्राच्या चुण्या उठून दिसतात. त्यात हा पाया चारही दिशांना तोंड करून उभा. पूर्वेकडच्या भिंतीला सकाळचं ऊन, पश्चिमेकडच्या भिंतीला दुपारनंतरचं. जावा विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला असल्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर वर्षाचा बराच काळ ऊन येतं आणि दक्षिणेच्या भिंतीवर मुख्यतः डिसेंबरच्या आसपास. तेव्हा तिथे पावसाळा असतो. प्रत्येक पट साधारण दोन मीटर लांब. त्यासमोर तिकाटणं रोवायचं, पट चौकटीत सरळ बसवायचा आणि पुन्हा संधी नाही हे ठाऊक असताना कॅमेऱ्यातली काचेची प्लेट उजेडाला उघडायची. पटांचे १६० आणि जागेचे ४ असे १६४ फोटो सेफास यांनी घेतले. या फोटोंत दगडांचे सांधेसुद्धा स्पष्ट दिसतात. एखाद्या चेहऱ्यावरून आडवी रेघ गेलेली असते, तो दोन थरांमधला जोड असतो.

आणि त्या पटांत काय नाही! माणसं जाळी टाकून मासे धरतात, चुलीवरच्या हंड्यात मासे आणि कासवं शिजतात, आणि शेजारीच तसल्याच हंड्यात नरकात माणसं उकळली जातात. कुणी भिक्षूंना दान देतं, कुणी आजाऱ्याची सेवा करतं, आणि त्याचं फळ म्हणून पुढे सुखाचा जन्म मिळतो. जसं कर्म तसं फळ, इतका सरळ हिशेब. पण तो मांडताना शिल्पकाराने नवव्या शतकातलं जावामधलं रोजचं जगणं कोरून ठेवलं: उतरत्या छपरांची घरं, भांडीकुंडी, वाद्यं, अंगावरचे दागिने. वरच्या मजल्यांवर बुद्धचरित्र आहे, राजवाडे आहेत, बोधिसत्त्व आहेत. साधा माणूस सर्वांत जास्त भेटतो तो या गाडलेल्या तळाशी.

काही पटांच्या वरच्या कडेला कारागिरांसाठी लिहिलेल्या छोट्या सूचनाही फोटोंत वाचता येतात. ‘विरूप’, ‘स्वर्ग’ अशी एकेका शब्दाची संस्कृत टिपणं. काम पुरं झाल्यावर ती खरवडून टाकली जायची; पाया अर्ध्यावर झाकल्यामुळे काही राहून गेली. त्यांच्या अक्षरवळणावरून बोरोबुदूरचा काळ ठरवायला अभ्यासकांना मोठी मदत झाली.

पटांमागचा ग्रंथ कोणता, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. एन. जे. क्रोम आणि थिओडोर व्हान एर्प यांच्या बोरोबुदूरवरच्या ग्रंथातून हे फोटो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. १९३०च्या सुमारास फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी नेपाळमध्ये मिळालेल्या ‘महाकर्मविभंग’ या संस्कृत पोथीशी पटांचा मेळ घातला. पाया पुन्हा झाकल्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. पोथीशेजारी ठेवून ताडायला फोटोच होते.

इथे अजिंठा आठवतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक लिहिलेले आहेत आणि त्याच ‘जातकमाले’तल्या कथा बोरोबुदूरच्या पहिल्या सज्जात कोरल्या आहेत. पण दोन्हीकडच्या नोंदींचं नशीब वेगळं निघालं. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या प्रतींपैकीही कितीतरी १८८५ मध्ये लागलेल्या दुसऱ्या आगीत जळाल्या. हाताने केलेली प्रत एकच असते. काचेच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात. गिल यांनीही पुढे कॅमेरा हाती घेतला, पण अजिंठ्याचा प्राण रंगांत आणि तेव्हाचा कॅमेरा रंग जाणत नव्हता. बोरोबुदूरच्या करड्या ज्वालामुखी दगडाला काळा-पांढरा फोटो पुरेसा होता.

सेफास १९१२ मध्ये वारले. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ताब्याच्या काळात आग्नेय कोपऱ्यातला ओटा उघडला गेला आणि तेवढा भाग तसाच उघडा ठेवला आहे. बोरोबुदूरला जाल तर आधी आवारातल्या कर्मविभंग संग्रहालयात सेफास यांचे फोटो नीट पाहा, आणि मग त्या कोपऱ्याशी उभे राहून तिथले पट फोटोंशी ताडून पाहा. वर चढायची घाई त्यानंतर.