भूल उतरते कुठे?

रावेरात ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भूल उतरली का?" आमच्या घरी बेहोशी म्हणतात, मला मात्र 'भूल' हाच शब्द आवडतो. आणि ती 'उतरते' हे शास्त्रालाही फारसं अमान्य नाही.

प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर मेंदूत पोहोचतं आणि मिनिटभराच्या आत माणूस झोपतो. एकच मात्रा दिली, तर पाच-दहा मिनिटांत जागाही होतो. एवढ्यात शरीरानं औषध संपवलं का? नाही. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि सावकाश चरबीत पसरलेलं असतं. मेंदू मोकळा झाला म्हणून डोळे उघडले, औषध अजून अंगातच आहे. पुढे यकृत त्याचं पाण्यात विरघळणारं रूप करतं आणि ते लघवीवाटे जातं. म्हातारपणी हे काम आणखी हळू चालतं.

हुंगवायच्या औषधांचं निराळं. सेव्होफ्लुरेनची वाफ श्वासातून येते आणि बहुतेक श्वासातूनच परत जाते. यकृताच्या वाट्याला शेकडा पाच किंवा त्याहून कमी. आपल्या केळीवाल्यांना गंमत वाटेल, केळी पिकवणारा इथिलीन वायू १९२३ पासून काही काळ माणसांना भूल द्यायलाही वापरत. तोही श्वासावाटेच निघून जाई. पण पेट घेतो, म्हणून मागे पडला.

स्नायू सैल करायला सक्सामेथोनियम देतात. रक्तातलं एक एन्झाइम ते काही मिनिटांत तोडतं. काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. आर्य वैश्य समाजात असे लोक तुलनेनं अधिक आढळले आहेत. त्यांना तासन्‌तास यंत्रानं श्वास द्यावा लागतो, मग सारं ठीक होतं. घरात कुणाला असं झालं असेल, तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं.

डॉक्टर २४ तास गाडी चालवू नका, दारू नको, महत्त्वाच्या कागदावर सही नको म्हणतात, ते उगाच नाही. माझ्या मावसभावाचं दुपारी लहानसं ऑपरेशन झालं. संध्याकाळी तो चहा प्यायला, सगळ्यांशी नीट बोलला, म्हणून शेताच्या वाटणीचा कागद पुढे आला आणि त्यानं सही केली. सकाळी आपण काय कबूल केलं, हे त्याला आठवेना. थोरल्या मामूंनी तो कागद फाडला आणि आठ दिवसांनी नवा लिहायला लावला.