हेर खरे होते, बेड्या मात्र भलत्याच हातांत

१९४६ सालच्या जुलै महिन्याच्या सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतले विचारवंत डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. भारतातल्या अस्पृश्यांसाठीही तसेच काही करावे असा विचार चालू होता, म्हणून त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागवल्या. ३१ जुलैला ड्युबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. हा पत्रव्यवहार आपल्या चळवळीत बऱ्याच जणांना माहीत आहे, जयंतीच्या भाषणांत त्याचा उल्लेखही होतो. पुढे काय झाले ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकन सरकारने ‘देशविघातक’ संघटनांची यादी जाहीर केली. तिच्यात नॅशनल निग्रो काँग्रेसचे नाव होते. आणि १९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, खुद्द ड्युबॉइस यांना बेड्या घातल्या गेल्या. परकीय शक्तीचे हस्तक असल्याचा आरोप होता. हे कसे घडले ते चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

आधी एक गोष्ट कबूल करू. सोव्हिएत हेर ही कुणाच्या डोक्यातून निघालेली कहाणी नव्हती. क्लाउस फुक्स हा भौतिकशास्त्रज्ञ लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करत असतानाच तिथली माहिती मॉस्कोला पोहोचवत होता. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि १९५० च्या सुरुवातीला फुक्सने ब्रिटनमध्ये गुन्हा कबूल केला. तिथून निघालेला माग न्यूयॉर्कच्या ज्युलियस रोझेनबर्गपर्यंत गेला. अमेरिकन लष्कराचे तज्ज्ञ १९४३ पासून सोव्हिएत तारांची सांकेतिक भाषा उलगडत होते. ‘व्हेनोना’ नावाच्या या कामात सुमारे ३,००० संदेश कमी-अधिक वाचता आले आणि ज्युलियस हेर होता हे त्यांतून दिसते. पण हे सगळे १९९५ पर्यंत गुप्त राहिले. तोवर जगभरचे अनेक डावे लोक दोघेही रोझेनबर्ग निर्दोष असल्याचे सांगत होते. ज्युलियसबाबत ते चुकले.

त्याची पत्नी एथेल हिची गोष्ट वेगळी. हेरगिरीच्या नोंदी तिने टाइप केल्या, अशी साक्ष तिच्या सख्ख्या भावाने दिली होती. ती खोटी होती, स्वतःच्या बायकोला वाचवण्यासाठी दिली होती, असे त्यानेच पन्नास वर्षांनी सांगितले. १९ जून १९५३ रोजी नवरा-बायको दोघांनाही विजेच्या खुर्चीत बसवून मारले होते.

म्हणजे भीतीला कारण होते. पण त्या भीतीने पुढे जे केले त्याचा हेर पकडण्याशी फारसा संबंध उरला नाही. मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी केंद्र सरकारच्या सगळ्या नोकरदारांची ‘निष्ठा’ तपासण्याचा हुकूम काढला. हेराला विचारायचा प्रश्न असतो, तू काय केलेस? इथे प्रश्न बदलला. तुझी उठबस कुणाबरोबर आहे, घरात पुस्तके कोणती आहेत, कुठल्या सभेला गेला होतास?

डोरोथी बेली ही कृष्णवर्णीय स्त्री सरकारी रोजगार खात्यात नोकरीला होती, कर्मचारी संघटनेतही पुढे होती. ती कम्युनिस्ट असल्याचे कुणीतरी गुप्तपणे कळवले. कुणी, ते तिला सांगितले गेले नाही. निवाडा करणाऱ्या मंडळालाही खबऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. सुनावणीत तिला विचारले गेले की, रक्त वेगळे ठेवण्याविरुद्ध तुम्ही रेडक्रॉसला पत्र लिहिले होते का? त्या काळी अमेरिकन रेडक्रॉस काळ्या माणसांनी दिलेले रक्त गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवत असे. ज्यांच्या आजी-आजोबांनी पाण्याचा विटाळ भोगला त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. कम्युनिस्ट पक्ष वर्णभेदाला विरोध करतो, तूही करतेस, म्हणजे तू त्यांचीच, असा हा हिशेब. बेलीची नोकरी गेली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी मते पडली आणि खालचा निकाल कायम राहिला.

सिनेटर जोसेफ मॅकार्थीचे नाव या काळाला चिकटले आहे, पण तो आला उशिरा. फेब्रुवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचे त्याने जाहीर केले. त्या यादीतला आकडा दर भाषणात बदलत गेला. सोव्हिएत हेरांचे जुने जाळे तोवर बरेचसे मोडले होते. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला, आणि लोकांना वाटले की संपले एकदाचे. संपले नव्हते.

हे लिहिताना आम्ही कम्युनिस्टांची वकिली करत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला, आणि आमचीही वाट तीच आहे. पण मतभेद वेगळा आणि शिक्का वेगळा. मोर्चात निळा झेंडा घेतलेल्या पोराला आज कुणी सहज ‘अर्बन नक्षल’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा त्याने मार्क्स वाचलाय की नाही हे कोण तपासते?

आता ड्युबॉइस यांच्याकडे वळू. त्यांचा गुन्हा काय, तर अण्वस्त्रबंदीच्या आवाहनावर सह्या गोळा करणाऱ्या शांतता केंद्राचे ते अध्यक्ष होते. या केंद्राने परकीय हस्तक म्हणून सरकारकडे नोंदणी केली नाही, असा खटला भरला गेला. साक्षीदार म्हणून उभे राहायची तयारी अल्बर्ट आइनस्टाइन यांनी दाखवली होती. ती वेळच आली नाही. सरकारी पक्षाचा पुरावा इतका पोकळ निघाला की बचावाची बाजू ऐकण्याआधीच न्यायाधीशांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. पण पुढे १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. सुटका झाली तरी शिक्षा चालू राहते ती अशी.

आम्हाला सर्वांत जास्त बोचते ती त्यांच्या स्वतःच्या माणसांची वागणूक. ज्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या संस्थापकांत ड्युबॉइस होते, ती खटल्यात त्यांच्यापासून दूर राहिली. १९५० च्या अधिवेशनात तिने कम्युनिस्टांना शाखांमधून बाहेर काढण्याचा ठराव केला होता. हिशेब सरळ होता. आपण लाल नाही हे दाखवले की सरकार आपल्याला हात लावणार नाही.

ड्युबॉइस अखेर १९६१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी, आणि देश सोडून घानाला निघून गेले. २७ ऑगस्ट १९६३ ला ते तिथेच वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात ही बातमी मंचावरून सांगितली ती एनएएसीपीचे रॉय विल्किन्स यांनी. याच मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण झाले. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक, अहिंसावादी. तरी त्याच ऑक्टोबरात त्यांचे फोन चोरून ऐकण्याची परवानगी एफबीआयला मिळाली. कारण काय दिले, तर त्यांच्या एका सल्लागाराचे जुने कम्युनिस्ट संबंध.

१९७५-७६ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने एफबीआयची कागदपत्रे तपासली, तेव्हा एनएएसीपीचाही हिशेब बाहेर आला. कम्युनिस्ट घुसले आहेत का हे पाहण्यासाठी एफबीआयने या संघटनेवर पंचवीस वर्षांहून अधिक काळ पाळत ठेवली होती. ही संघटना कम्युनिस्ट कारवायांपासून लांब राहते, अशी नोंद पहिल्याच वर्षीच्या अहवालात होती.