पाणी कुठं मुरतंय?

छातीत पाणी झालं की सुईनं काढून तपासायला पाठवतात, एवढं नातेवाइकांनाही ठाऊक असतं. राऊंडला म्हणायचा पाठही ठरलेला: पाण्यात प्रथिनं कमी, म्हणजे बिघाड फुप्फुसाच्या आवरणात नाही, हृदय, यकृत नाहीतर मूत्रपिंड बघा. वॉर्डात हा पाठ हमखास फसायचा.

लॅबमधल्या काकांचा मशीनवर विश्वास नव्हता. नळकांड्यात पाणी, त्यात ॲसिटिक ॲसिडचा थेंब, वरून पेशंटच्या छातीतल्या पाण्याचा थेंब. विरला तर प्रथिनं कमी. अगरबत्तीच्या धुरासारखा खाली उतरला तर जास्त. ही रिव्हाल्टाची चाचणी. माणसांच्या लॅबमधून ती जवळजवळ हद्दपार झाली. मांजरांचे डॉक्टर मात्र अजून करतात. काकांना हे कुणी सांगितलं नाही.

खरी गंमत लाइटच्या कसोटीची. रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये पाण्यातली प्रथिनं रक्ताशी ताडून बघायला शिकवलं: निम्म्याहून जास्त भरली की जागेवरचाच आजार. जोडीला एलडीएच या एन्झाइमचे निकष. या जाळ्यातून गुन्हेगार सहसा सुटत नाही. पण साधारण चौथाई निरपराधही अडकतात. आमचे एक आजोबा असेच अडकले. पाय सुजलेले, उताणं झोपलं की दम. हाऊसमननं तीन दिवस लघवीचं इंजेक्शन दिलं आणि चौथ्या दिवशी पाणी काढलं. प्रथिनं जास्त! आपल्याकडं याचा अर्थ एकच, टीबी. फॉर्मही भरून झाला. सरांनी रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन मागवलं. फरक १०० मिलिलिटरमागे १.२ ग्रॅमच्या वर, म्हणजे दुखणं हृदयाचंच. पाणी लघवीवाटे गेलं, प्रथिनं मागे राहिली. इंजेक्शननं बासुंदी आटवली होती.

यकृतवाल्यांची तऱ्हा निराळी. उजव्या छातीत पाणी, पोट सपाट, म्हणून ‘केस आमची नाही’. पोटातलं पाणी छाती-पोटामधल्या पडद्याच्या बारीक भोकांतून वर ओढलं जातं, हे त्यांच्याच पुस्तकात होतं.

आणि एकदा पाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, साखर मात्र रक्ताच्या कितीतरी पट. तीन प्राध्यापक दुर्मीळ आजारांची नावं घेत असताना सिस्टर म्हणाल्या, “मानेतून सलाईन लावल्यापासूनच दम वाढलाय, सर.” एक्स-रे नीट पाहिला. नळीचं टोक शिरेत नव्हतंच, छातीत होतं. साठलेलं पाणी आमचंच, पाच टक्के डेक्स्ट्रोज.