चावी कुणाकडे?

'मॅडम, रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण तुमच्या महिला मंडळाकडे ठेवू या ना?' गेल्या डिसेंबरात तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या बैठकीत हा प्रश्न आला, तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे बघून हसलो. रांगोळीला ना नाही हो. पण जलालखेडा, सावरगाव, बेलोना, मेंढला, मोवाड अशा गावागावांतून दोनेकशे मुलंमुली येणार, सहावीपासून बारावीपर्यंतची. म्हटलं, रांगोळी काढतो, पण आम्हाला मुलांमध्येही काम द्या. मिळालं. नावनोंदणी, बिल्ले, टेबलांवर चादरी घालणं, एक्स्टेंशन बोर्ड पुरवणं, तर्री-पोह्यांच्या प्लेटा वाटणं.

मी बी.ए. मराठीची. विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच संपलेला. तरीही सकाळी त्या मांडवात शिरले आणि हरखून गेले. संत्र्याच्या फळगळीवर तक्ता, ठिबकचा छोटा बगिचा, सौरचूल, पुठ्ठ्याचं चांद्रयान! प्रत्येक टेबलामागे घसा खाकरत पाठांतर चाललेलं.

दुपारी बाराच्या सुमारास सातवीतली एक चिमुरडी जवळ आली आणि कानाशी म्हणाली, 'काकू, बाथरूम कुठं हाय जी?' तिला घेऊन गेले तर मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी शिपायाकडे, आणि शिपाई पुष्पगुच्छ आणायला बाजारात गेलेला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण असं कुलूप कुठेही सापडेल. चावी यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मुलांच्या रांगेजवळचा पाण्याचा ड्रम अर्धा रिकामा झाला होता आणि मुलींच्या बाजूचा जसाच्या तसा. सकाळी सातला घरून निघालेल्या मुली पाणीच पीत नव्हत्या! घरातूनच शिकून येतात हे, कुणी सांगावं लागत नाही.

मग आमच्यातली एक तिथेच खुर्ची टाकून बसली. बादली, मग, साबण आणि कापडी पिशवीत पॅडची पाकिटं. तासाभरात ड्रम उतरू लागला. रांगोळीचे फोटो छापून आले, याचा काही फोटो निघाला नाही.

मोवाडची नववीतली मुलगी मला याच धावपळीत भेटली. तिचं मॉडेल 'पूरसूचक यंत्र'. प्लास्टिकच्या डब्यात नदी, त्यात थर्माकोलचा तुकडा, त्यावर चॉकलेटची चंदेरी चांदी चिकटवलेली. पाणी वाढलं की थर्माकोल वर येतो, चांदी दोन तारांना टेकते, वीजमंडल पूर्ण होतं आणि भोंगा वाजतो. पहिल्या खुणेवर पिवळा दिवा, दुसऱ्या खुणेवर भोंगा. असली यंत्रं दर प्रदर्शनात असतात, मला हे नंतर कळलं. पण ही मोवाडची. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाडमध्ये दोनशेच्या वर माणसं गेली. पुढे गावाचं पुनर्वसन झालं. पोरीच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण तिची आजी अजूनही पाऊस लागला की झोपत नाही, असं ती म्हणाली.

परीक्षक दोन टेबलांवर आले आणि नेमका भोंगा वाजेना. तिच्या डोळ्यांत पाणी. मला त्यातलं शून्य कळतं, पण तार काळी पडलीय एवढं दिसलं. पदराची पिन काढून दिली. तिनं तार खरवडली, पुन्हा जोडली आणि भोंगा असा केकाटला की पलीकडचं चांद्रयान हाललं.

परीक्षकांनी विचारलं, 'पुरात वीज गेली तर?'

'सर, लाईन तं पयलेच जाते. म्हणून सेल लावला.'

दुसरा क्रमांक आला. म्हणजे आता जिल्हास्तर! आणि खरी परीक्षा इथेच सुरू झाली. वडील म्हणाले, 'सर सोबत हायेत, ठीक. पण रात्री मुक्कामाला बाई कोण हाय?' प्रश्न काही चुकीचा नव्हता. मुलगी पहिल्या फेरीत जिंकते आणि दुसऱ्या फेरीत गैरहजर असते, यामागे बरेचदा एवढंच कारण असतं. मी आजीला राहीबाई पोपेऱ्यांची गोष्ट सांगितली. कधी शाळेत न गेलेली ही अकोले तालुक्यातली बाई, गावरान बियाण्यांची बँक उभी करून पद्मश्री झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली तेव्हा तिथल्या महिला विज्ञान काँग्रेसचं उद्घाटन तिच्याच हस्ते झालं. आजी ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'ते ठीक हाय बाई. तू जातं का सोबत?'

गेले. दोन दिवस घरी डबा कोण करणार, यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती इथे नको.

जिल्ह्याला आणखी तीन पूरसूचक यंत्रं होती! एकातून तर मोबाईलवर मेसेज जायचा. आमच्या पोरीचा चेहरा उतरला, पण अर्ध्या तासानं बघते तर ती त्याच मुलाच्या टेबलाशी वही घेऊन उभी. सामानाची यादी उतरवून घेत होती. नंबर काही आला नाही. परतीच्या गाडीत तिचा एकच प्रश्न, 'काकू, ते सिमकार्डवालं किती रुपयांत होते?' मला कुठलं ठाऊक! सरांना विचारल्यावर कळलं, केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे. शाळेनं मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली तर मॉडेलसाठी दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात.

तेव्हापासून शाळेवरून जाताना मी आत डोकावतेच. परवा मला फाटकात बघूनच सर ओरडले, 'भरला मॅडम, भरला अर्ज!'