विश्लेषण : परीक्षा आणि रस्त्याचे काम दरवेळी एकाच मोसमात का? शहाद्यातल्या विद्यार्थ्यांची वाट कुठे अडते?

एका बाजूला खोदलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला एकेरी वाहतूक, मध्ये उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि त्यामागे अडकलेली एसटी. बसमधल्या निम्म्या मुलांच्या हातात हॉल तिकीट. शहाद्याला शिकायला येणाऱ्यांसाठी हे चित्र नवे नाही. परीक्षा जवळ आली की खोदकाम सुरू होते, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. हा निव्वळ योगायोग आहे की त्यामागे काही गणित आहे?

शहाद्यात हा प्रश्न इतका तीव्र का?

शहादा हे तालुक्यापुरते शहर नाही. शहरातल्या महाविद्यालयांत म्हसावद, मंदाणे, प्रकाशा, सारंगखेडा या गावांतून मुले येतात, तशी धडगावच्या डोंगराळ भागातून आणि सीमेपलीकडच्या खेतियातूनही येतात. विसरवाडी-सेंधवा हा राष्ट्रीय महामार्ग शहाद्यातून जातो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हा जुना मार्गही इथूनच जातो. त्यामुळे गुजरात, मध्य प्रदेश आणि खान्देशातली जड वाहने आणि कॉलेजला निघालेली मुले एकाच रस्त्यावर असतात.

2011च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. आज पदवीचा पेपर देणाऱ्या अनेकांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अशा घरात एक पेपर बुडाला, तर पुढचे शिक्षणच धोक्यात येते.

दोन्हींचा मोसम एकच कसा?

रस्त्याचे काम पावसाळ्यात थांबते. ओल्या थरावर डांबर धरत नाही आणि भिजलेली माती नीट दाबली जात नाही. त्यामुळे कामाचा खरा मोसम ऑक्टोबर ते मे एवढाच.

विद्यापीठाचे वेळापत्रकही पावसाशीच बांधलेले आहे. शहाद्यातली महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. वर्ष जून-जुलैत सुरू होते आणि एका सत्रात साधारण 90 दिवस अध्यापन अपेक्षित असते. त्यामुळे पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि दुसऱ्याची उन्हाळ्यात येते. मधल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात.

याच काळात पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचा गळीत हंगाम येतो. पपई आणि केळीचे ट्रक याच दिवसांत निघतात. दत्त जयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. थोडक्यात, पावसाळा संपला की सगळेच एकदम रस्त्यावर उतरते.

काँक्रीटच्या रस्त्याला इतका वेळ का लागतो?

काँक्रीट ओतल्यावर ते वाळत नाही, पाणी धरून घट्ट होते. म्हणून त्यावर ओली गोणपाटे टाकून किमान 14 दिवस पाणी मारावे लागते. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पण वाहने सोडण्यासाठी सर्वसाधारणपणे 28 दिवस थांबतात. दिसायला रस्ता तयार आणि तरीही बंद, याचे कारण हे आहे.

वाहतूक पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू होते. दोन्हीचे 28-28 दिवस आणि त्याआधीचे खोदकाम, खडीचा थर धरला, तर एकाच तुकड्याला दोन ते अडीच महिने लागतात. कॉलेजसमोरचा रस्ता नोव्हेंबरआधी पूर्ण हवा असेल, तर काम ऐन पावसात सुरू करावे लागेल. जानेवारीत सुरू केले तर दुसरी बाजू बारावीच्या पेपरांत सापडते. मेमध्ये सुरू केले तर शेवटाला पाऊस गाठतो. परीक्षा पूर्णपणे टाळणारी रिकामी खिडकी वर्षात जवळपास नाहीच.

मग परीक्षाच पुढे ढकलता येत नाही का?

एका तालुक्यासाठी नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एका विषयाची प्रश्नपत्रिका एकाच वेळी द्यावी लागते, नाहीतर ती फुटल्यासारखीच होते. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार शेवटच्या पेपरनंतर 30 दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत निकाल लागायला हवा. एक पेपर सरकला की निकाल आणि पुढचे प्रवेशही सरकतात.

बोर्डाच्या परीक्षेत वेळ आणखी काटेकोर असतो. पेपर अकराला असेल, तर साडेदहाला केंद्रावर हजर राहण्याची सूचना असते. पेपर हुकलाच तर बारावीच्या मुलाला जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेची वाट पाहावी लागते. पदवीच्या मुलामागे एटीकेटी आणि पुन्हा परीक्षा शुल्क लागते. रस्त्यावरच्या अर्ध्या तासाची ही किंमत आहे.

आवाज आणि धुळीबाबत नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर असे क्षेत्र ठरू शकतो. मात्र 2017च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे घोषित केले असेल तरच तो शांतता क्षेत्र मानला जातो.

निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री, म्हणजे 10 ते सकाळी 6 या वेळेत, आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास मनाई आहे. इथे खरा पेच आहे. खान्देशच्या उन्हाळ्यात भरदुपारी ओतलेले काँक्रीट पाणी पटकन गमावते आणि त्याला तडे जातात, म्हणून ठेकेदाराला संध्याकाळ आणि रात्र सोयीची. तर वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्या मुलांना अभ्यासाला आणि झोपेला तीच वेळ हवी असते. उरतो पहाटेनंतरचा आणि सायंकाळचा थोडा वेळ. काम त्यात बसवायचे, तर आखणी आधीच व्हायला हवी.

यातून मार्ग काय?

विद्यापीठाचे परीक्षा वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि रस्त्याच्या ठेक्यालाही कामाचा कार्यक्रम जोडलेला असतो. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले, तर बऱ्याच गोष्टी खर्चाशिवाय होऊ शकतात. महाविद्यालयासमोरचा तुकडा सर्वांत कमी अडचणीच्या आठवड्यांत घेणे, परीक्षेच्या दिवशी साडेनऊ ते अकरा आणि पेपर सुटताना यंत्रे व डंपर थांबवणे, पर्यायी रस्त्यावर सकाळीच पाणी मारणे, पायी जाणाऱ्यांसाठी कठडा लावून वेगळी वाट ठेवणे, ही त्यातली काही. कामाच्या आधी सूचनाफलक, बॅरिकेड आणि रात्री दिसणारे दिवे हवेत, हे तर भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे.

एसटीचा प्रश्न वेगळा आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला 66.67 टक्के सवलत असते, त्यामुळे बस चुकली तर रिक्षा-जीपचे भाडे अनेकांना परवडत नाही. परीक्षेच्या काळात सकाळची फेरी अर्धा तास आधी सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. सप्टेंबर 2023 मध्ये तापीच्या पुरात सारंगखेडा पुलाचा जोडरस्ता वाहून गेला, तेव्हा वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवावी लागली होती. अचानक आलेल्या संकटात जे करता येते, ते आधीच ठाऊक असलेल्या कामात नक्कीच करता येईल.

तक्रार कुणाकडे करायची?

रस्ता कुणाचा, यावर ते ठरते. शहरातल्या अंतर्गत रस्त्यांसाठी नगरपालिका, गावांना जोडणाऱ्या ग्रामीण रस्त्यांसाठी जिल्हा परिषद, राज्यमार्गांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, तर राष्ट्रीय महामार्गासाठी त्याचा स्वतंत्र विभाग. कामाच्या ठिकाणच्या फलकावर यंत्रणा, ठेकेदार आणि मुदत लिहिलेली असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून प्राचार्यांमार्फत अर्ज दिला, तर तो योग्य टेबलावर पोहोचतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी दिलेल्या अर्जाने मात्र काही हलत नाही. अर्जासोबत वेळापत्रकाची प्रत जोडून तो किमान महिनाभर आधी द्यावा.