पाणी कोणाचे? महाडचे तळे आणि वसईची विहीर

पाण्याचा विषय निघाला की आपण प्रथम पावसाला बोल लावतो. परंतु आपल्या वसई भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस मराठवाड्याने स्वप्नातही पाहिलेला नाही. तरीही होळी बाजारापासून विरारपर्यंत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी कुटुंबे आहेतच. तेव्हा पाणी किती आहे या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. विद्यार्थी मित्रांनी हा दुसरा प्रश्न समजून घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या समाजाला या प्रश्नाची ओळख कोणी करून देण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपण दरवर्षी स्मरतो. परंतु त्यानंतर हा लढा दहा वर्षे न्यायालयात चालला, त्याची माहिती मात्र आपल्यापैकी अनेकांना नसते.

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक खर्चाने बांधलेली व चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुले केले, पण ते कागदावरच राहिले. सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठरावही फिरविला. डिसेंबरमध्ये सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, ते काठावरच्या मंडळींचे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट फार जुनी आहे. म्हणजे सारा वाद ‘सार्वजनिक’ आणि ‘खाजगी’ या दोन शब्दांवर येऊन ठेपला. खालच्या दोन्ही न्यायालयांत दावा फेटाळला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरवून अपील नामंजूर केले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. परंतु तोही राज्याच्या निधीतून चालणाऱ्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी दिलेल्या पाणवठ्यांपुरताच आहे. खाजगी जमिनीखालचे पाणी त्यात नाही.

आणि वसईचे दुखणे नेमके तिथेच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालून निश्चित प्रवाहाशिवाय झिरपणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. इंग्रज गेले, कायदा राहिला. ज्याची जमीन त्याचे पाणी. ज्याला जमीन नाही त्याला जमिनीखालचे पाणीही नाही. भूमिहीन समाजाच्या दृष्टीने या वाक्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात वसई रोड, नालासोपारा व विरार स्टेशनांभोवती इमारती उठल्या, पण त्यांच्यासाठी नळ नव्हते. मग पश्चिमेच्या वाड्यांमधील विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरू लागले. विकणाऱ्याने कायदा मोडला नव्हता, पण शेजारच्या केळीच्या व पानवेलीच्या वाडीतले पाणी मचूळ होऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने केलेले आंदोलन या टँकरविरुद्ध व हरितपट्टा वाचविण्यासाठी होते. जुन्या वसईकरांना ते दिवस चांगले आठवतात.

पाणी मचूळ का होते, हे येथे समजून घेऊ. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. त्याचा हिशेब असा की, भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. आता उपसा करून ती पातळी अर्धा फूट खाली आणली, तर गोड्या पाण्याची जाडी हळूहळू वीस फुटांनी घटते व तेवढे खारे पाणी वर चढते. वर अर्ध्या फुटाचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला असे खाते माहीत नाही, ज्यात एक रुपया काढला की चाळीस रुपये वजा होतात! पूर्वी बैलाच्या रहाटाने पाणी निघे ते सावकाश, विहिरीला भरायला उसंत मिळे. शिवाय वाडीतल्या बावखलांत पावसाचे पाणी साठून जमिनीत मुरत असे. इमारतींसाठी अनेक बावखले बुजविली गेली. त्यांचा खरा उपयोग काय होता हे बुजविणाऱ्यांना ठाऊक नव्हते, की असूनही नको होते, कोण जाणे.

कायद्याने थोडी पावले टाकली आहेत. १९९३ च्या महाराष्ट्र कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत त्याच पाणलोटात परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ च्या भूजल कायद्याने व्याप्ती वाढविली. अंमलबजावणीबद्दल न बोललेले बरे.

पाणी जमिनीपासून वेगळे काढण्याचा खरा प्रयोग झाला तो पुरंदर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीची कल्पना रुजविली. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणशी द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. माझ्या मते महाडनंतर पाण्याच्या हक्कासंबंधी महाराष्ट्रात मांडलेला हा सर्वांत मोठा विचार होय. मात्र तो सरकारी धोरणाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

आता एक अवघड गोष्ट. टँकरच्या प्रकरणात वसईकर शेतकरी पीडित होता. परंतु आज आपल्या नळाला येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीचे आहे. धामणी व कवडास येथील धरणे डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील सुमारे चौदा हजार हेक्टर शेती, मुख्यतः आदिवासींची, भिजविण्यासाठी योजली होती. त्यातून आधी वसई-विरारला पाणी आले, आणि नंतरच्या प्रादेशिक योजनेत दररोज ४०३ दशलक्ष लिटर शहरांसाठी ठरले: १८५ आपल्याकडे, २१८ मीरा-भाईंदरला. आदिवासी शेतकऱ्यांनी याला विरोध केला आहे. आपल्या विहिरीतून टँकर भरला जातो तेव्हा तो अन्याय, आणि त्यांच्या कालव्यातून आपला नळ भरला जातो तेव्हा तो विकास, असे म्हणणे महाडचा वारसा सांगणाऱ्यांना शोभत नाही. नळ बंद करा असे मी म्हणत नाही. माझ्याही घरी तोच नळ आहे. परंतु शहराला पाणी देताना कालव्याच्या शेवटच्या टोकाचे किती हेक्टर कोरडे राहिले, हा आकडा आपल्या महापालिकेच्या सभेत विचारला जावा, आणि विचारणारे आपण असावे.

इकडे विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आपल्या आळीतील विहिरीची पातळीही त्याच चार महिन्यांत मोजावी. गाठी मारलेला दोर व त्याला बांधलेले वजन एवढे साहित्य पुरे. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, तारीख, आणि चव गोडी की मचूळ, इतकीच नोंद वहीत करावी. पंपाचा उपसा सुरू असताना मोजू नये; सकाळी पहिला पंप लागण्यापूर्वी मोजावे.